दुसऱ्या राज्यातलं दुकान आणि तिथला हजेरीपट

(१९८८ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात, जानेवारी २०२५ मध्ये, ‘आपापल्या धंद्यातलं एक काही सांगा’ या सत्रात केलेलं भाषण. बोललं तसंच ठेवलं आहे.)



सकाळपासून डॉक्टर मित्रांनी साखर आणि रक्तदाबावर सांगितलं, शेतीवाल्यांनी केळीवर सांगितलं. त्यांना टाळ्या भरपूर पडल्या. माझा धंदा कर सल्लागाराचा. कराचं नाव काढलं की जेवणानंतरच्या सत्रात काय होतं ते मला माहीत आहे. तरी संयोजकांनी मला पंधरा मिनिटं दिली आहेत. मी एकच विषय घेतो, तो शेवटपर्यंत ऐका. आपल्या तुकडीतल्या निदान दहा-बारा घरांशी त्याचा आज संबंध आहे.

विषय असा. जळगावला किंवा धुळ्याला आपला धंदा आहे, तो वाढला, आणि आपण सुरतला गोडाऊन घेतलं, बुऱ्हाणपूरला शाखा काढली, सेंधव्याला किंवा इंदूरला चार माणसं ठेवली. त्या माणसांच्या पगारावर जे कापावं लागतं आणि जे भरावं लागतं, त्यासाठी त्या राज्यात काय नोंदणी करायची?

आपल्याकडे हा प्रश्न जितका येतो तितका सांगली-साताऱ्याला येत नसेल. खानदेश आहेच सीमेवर. नवापूरचं रेल्वे स्टेशन तुम्ही पाहिलं असेल. अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. तिथल्या बाकड्यावर दोन माणसं शेजारी बसली तर एक या राज्यात, एक त्या राज्यात. रावेरहून निघालं की चहा थंड व्हायच्या आत बुऱ्हाणपूर. शिरपूरच्या पुढे घाट चढला की सेंधवा. आणि सुरतबद्दल तर काय बोलायचं! उधना, लिंबायत, पांडेसरा, डिंडोली, कुठेही उभे राहा, अहिराणी ऐकू येते. भुसावळ-सुरत गाडी म्हणजे आपल्या लोकांची एस.टी.च.

आपले आजोबा या सगळ्या मुलखात फिरत, तेव्हा त्यांना हे दुसरं राज्य वाटत नव्हतं. १ मे १९६० पर्यंत सुरत आणि जळगाव एकाच मुंबई राज्यात होते. बुऱ्हाणपूर तर फारुकी राजांच्या वेळी खानदेशाची राजधानी. नातीगोती, बाजारहाट, सोयरीक या बाबतीत आपल्याला ती सीमा आजही दिसत नाही. पण पगारपत्रकात ती दिसते.

आधी सोप्या भाषेत सांगतो. समोर आपले सर आणि बाई बसलेत, म्हणून शाळेचंच उदाहरण घेतो. मुलगा एका शाळेतून दुसऱ्या शाळेत गेला तर काय बदलतं आणि काय बदलत नाही? नाव, जन्मतारीख, आईबाप बदलत नाहीत. हजेरीपट बदलतो, रोल नंबर बदलतो, फी कुठे भरायची ते बदलतं. पगारावरच्या कपातींचंही असंच आहे. काही कपाती केंद्राच्या आहेत, त्यांचा नंबर देशभर एकच चालतो. काही राज्याच्या आहेत, त्यांचा नंबर नव्या राज्यात नव्याने घ्यावा लागतो. हे दोन ढीग वेगळे केले की निम्मा गोंधळ संपला.

पहिला ढीग, केंद्राचा. पगारावरचा आयकर, म्हणजे टी.डी.एस. त्यासाठी जो टॅन नंबर लागतो तो एकच पुरतो. जळगावचा टॅन सुरतच्या मॅनेजरच्या पगारालाही चालतो. हवा तर शाखेसाठी वेगळा घेता येतो, पण सक्ती नाही, आणि लहान धंद्याला मी तो सल्ला देतही नाही. दोन टॅन म्हणजे दर तिमाहीला दोन पत्रकं. दुसरा भविष्य निर्वाह निधी, आपण पी.एफ. म्हणतो तो. तिसरा राज्य विमा, ई.एस.आय. नावात ‘राज्य’ असलं तरी कायदा केंद्राचा, मुळात १९४८ चा.

दुसरा ढीग, राज्याचा. व्यवसाय कर, कामगार कल्याण निधी, आणि ज्याला आपण शॉप अ‍ॅक्ट म्हणतो ती दुकानाची नोंदणी. सुरतेत तिला ‘गुमास्ताधारा’ म्हणतात. तिथल्या माणसाला शॉप अ‍ॅक्ट म्हटलं तर कळेल, पण गुमास्ता म्हटलं तर लवकर कळेल.

आता व्यवसाय कर. सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो.

सर, बाई, तुमच्या पगारपत्रकात दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापले जात असत, आठवतं? शिक्षकांच्या खोलीत दर फेब्रुवारीला त्यावर चर्चा व्हायचीच, की हे शंभर रुपये जास्त कशाचे. अकरा महिने २०० म्हणजे २,२०० आणि एक महिना ३००, मिळून २,५००. घटनेच्या २७६ व्या कलमात वर्षाला २,५०० ची कमाल मर्यादा आहे. पूर्वी ती २५० होती, १९८८ च्या घटनादुरुस्तीने २,५०० झाली. म्हणजे आपण दहावीला बसलो त्याच साली.

हा कर महाराष्ट्रात १ एप्रिल १९७५ पासून आला. कशासाठी आला हे तरुण पोरांना माहीत नसतं, पण आपल्याला माहीत असायला हवं. १९७२ चा दुष्काळ. आपल्यातले बरेचसे त्याच सुमारास जन्मलेले. आपल्या आयांनी कडेवर आपल्याला घेऊन रस्त्याच्या कामावर खडी फोडली, सुकडी खाऊन दिवस काढले. वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमी योजना त्या काळात उभी राहिली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. त्या योजनेला पैसा कुठून आणायचा, तर ज्यांना नियमित पगार आहे, धंदा आहे, त्यांच्याकडून थोडा थोडा. म्हणून हा व्यवसाय कर. नोकरदाराच्या पगारातले दोनशे रुपये कुठे जातात असं कोणी विचारलं, तर आपल्या पिढीने तरी तोंड वाकडं करू नये. आपण त्या पैशाच्या दुसऱ्या टोकाला होतो.

पण हा कर राज्याचा. प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा, दर वेगळा, कार्यालय वेगळं. दिल्ली, हरियाणा, राजस्थान, उत्तर प्रदेश इथे तो नाहीच. आपल्या दोन्ही शेजाऱ्यांकडे मात्र आहे.

एक उदाहरण घेऊ. महिना १४,००० पगाराचा माणूस. जळगावला पुरुष असेल तर २०० रुपये, फेब्रुवारीत ३००. बाई असेल तर शून्य, कारण एप्रिल २०२३ पासून महाराष्ट्रात महिलांना २५,००० पर्यंत माफी आहे. आता हीच बाई सुरतच्या गोडाऊनवर कामाला. तिथे १२,००० च्या वर पगार असला की दरमहा २००, बाई असो की माणूस. आणि तीच बुऱ्हाणपूरला कामाला असली तर? मध्य प्रदेशात हिशोब वर्षाच्या पगारावर होतो. २ लाख २५ हजारांपर्यंत काही नाही. तिचे वर्षाचे होतात १ लाख ६८ हजार. म्हणजे शून्य. पुरुष असला तरी शून्य. तिथे पगार २०,००० झाला, म्हणजे वर्षाचे २ लाख ४० हजार, की महिना १२५ सुरू होतात.

तेच काम, तोच पगार, तीन गावं, तीन उत्तरं. आपल्याकडे काय होतं? जळगावच्या अकाउंटंटकडे पगाराचं एकच सॉफ्टवेअर असतं. तो सुरतच्या माणसाचं नावही त्याच यादीत टाकतो, महाराष्ट्राच्या दराने कापतो आणि महाराष्ट्रातच भरतो. मालकाला वाटतं, आपण भरलं ना, मग झालं. झालेलं नसतं. कर गेला चुकीच्या दारात. गुजरातच्या हिशोबी त्या माणसाचा कर भरलेलाच नाही. तो मागणारच, वर व्याज मागणार. लक्षात ठेवायचा नियम एवढाच की माणूस जिथे काम करतो त्या राज्याचा व्यवसाय कर. मालकाचं मुख्य कार्यालय कुठे आहे, पगार कुठल्या बँकेतून निघतो, याने फरक पडत नाही.

आणखी एक फसवी जागा सांगतो. आजकाल कंपनी नोंदवताना पी.एफ. आणि ई.एस.आय.चे नंबर सोबतच येतात, आणि महाराष्ट्रात व्यवसाय कराचाही येतो. पोरगा येऊन सांगतो, काका, सगळे नंबर आले. आलेच. पण व्यवसाय कराचा तो नंबर महाराष्ट्राचा. सुरतेत तो चालत नाही.

आता करायचं काय, ते क्रमाने सांगतो. ज्यांच्याकडे पेन आहे त्यांनी लिहून घ्या.

पहिलं, जागेचा कागद. भाडेकरार, घरमालकाचं संमतीपत्र, लाइट बिल. हे तिन्ही एकाच पत्त्याचे आणि एकाच स्पेलिंगचे हवेत. तुम्ही जी.एस.टी.साठी हे आधीच काढलं असेल, कारण दुसऱ्या राज्यात दुकान म्हणजे जी.एस.टी.चा वेगळा नंबर लागतोच. महाराष्ट्राचा २७ ने सुरू होतो, गुजरातचा २४ ने, मध्य प्रदेशचा २३ ने. तीच फाइल पुढे सगळीकडे उपयोगी पडते.

दुसरं, त्या राज्याच्या कायद्याखाली दुकानाची नोंदणी. गंमत अशी की १९४८ चा मुंबई दुकाने व संस्था अधिनियम दोन्ही राज्यांत बरीच वर्षं चालत होता, घर फुटलं तरी भांडी तीच. मग महाराष्ट्राने २०१७ चा नवा कायदा केला, गुजरातने २०१९ चा. आता वाटा वेगळ्या झाल्या, म्हणून इकडचा अर्ज पाहून तिकडचा भरू नका.

तिसरं, व्यवसाय कर. इथे दोन नंबर असतात हे विसरू नका. एक धंद्याचा स्वतःचा कर भरण्यासाठी, दुसरा नोकरांच्या पगारातून कापलेला कर भरण्यासाठी. आपल्याकडे पहिल्याला पी.टी.ई.सी. आणि दुसऱ्याला पी.टी.आर.सी. म्हणतात. गुजरात आणि मध्य प्रदेशातही ही जोडी आहे. जायचं कुठे? महाराष्ट्रात वस्तू व सेवा कर विभागाकडे, ऑनलाइन. मध्य प्रदेशात तिथल्या वाणिज्यिक कर विभागाकडे. गुजरातेत मात्र शहरात महानगरपालिका किंवा नगरपालिका, आणि गावात पंचायत. सुरत शहरातल्या गोडाऊनचा व्यवसाय कर सुरत महानगरपालिका घेते. तुम्ही राज्याच्या विक्रीकर खात्यात शोधत बसलात तर सापडणार नाही. महाराष्ट्रात देणं लागू झाल्यापासून ३० दिवसांत अर्ज करायचा असतो. तिकडेही पहिला पगार निघायच्या आत अर्ज टाकून द्या, म्हणजे मुदतीची भानगडच राहत नाही.

चौथं, ई.एस.आय. इथे नवा नंबर काढायचा नाही. तुमचा जळगावचा मुख्य कोड असतो, त्याच्या लॉगिनमधून सुरतच्या शाखेसाठी उपकोड काढायचा. कारखान्याला १० कामगारांपासून ई.एस.आय. लागू, दुकानांसाठी काही राज्यांत हा आकडा २० धरत असत. पगार २१,००० पर्यंत असलेल्यांसाठी. कामगाराचे पाऊण टक्का, मालकाचे सव्वातीन टक्के. १४,००० वर कामगाराचे १०५ रुपये, मालकाचे ४५५.

पाचवं, पी.एफ. इथेही जुनाच कोड चालतो, शाखेची माणसं त्यात घालायची. कामगाराचे १२ टक्के, मालकाचे १२ टक्के. १४,००० मूळ पगारावर दोघांचे १,६८० प्रत्येकी. मालकाच्या वाट्यातले १,१६६ पेन्शन खात्यात जातात, बाकीचे पी.एफ.मध्ये.

सहावं, कामगार कल्याण निधी. १९५३ चा कायदा, तोही जुन्या मुंबई राज्याचा. महाराष्ट्रात जून आणि डिसेंबरमध्ये भरतात. रक्कम किरकोळ, म्हणूनच राहून जाते. गुजरात आणि मध्य प्रदेशातही हा निधी आहे, रक्कम आणि कामगारांची अट वेगळी.

सातवं, शाखा बंद केली तर नोंदणीही रद्द करा. हे कोणीच करत नाही. गोडाऊनची चावी परत दिली की आपण समजतो संपलं. तिकडच्या दप्तरात तुम्ही चालूच असता. पत्रक आलं नाही म्हणून नोटीस जुन्या पत्त्यावर जाते, तिथे आता दुसऱ्याच कोणाचं दुकान असतं.

आता मी ज्यासाठी उभा राहिलो त्या मुद्द्यावर येतो.

पी.एफ. २० माणसांपासून लागतो हे सगळ्यांना पाठ आहे. इतकं पाठ की जळगाव एम.आय.डी.सी.त १९ माणसांचे कारखाने किती असतील मोजायला नको. समजा, जळगावला १४ माणसं आहेत. सुरतला शाखा काढली, तिथे ७ घेतली. मालक म्हणतो, १४ वेगळे, ७ वेगळे, दोन्हीकडे २० च्या आत. कायदा तसं म्हणत नाही. एका आस्थापनेच्या सगळ्या शाखा, कुठेही असल्या तरी, एकच धरायच्या. १४ आणि ७ म्हणजे २१. सुरतला सहावा माणूस ठेवला त्याच दिवशी २० झाले आणि जळगावच्या चौदा जणांनाही पी.एफ. लागू झाला. आणि एकदा लागू झाला की पुढे माणसं कमी झाली म्हणून सुटत नाही. शाखा बायकोच्या नावावर दाखवली तरी, पैसा, माल आणि हुकूम एकाच घरातून येत असेल, तर चौकशीत ते उघडं पडतंच.

म्हणून नव्या राज्यात जाण्याचा निर्णय हा फक्त त्या राज्यापुरता नसतो. जागा पाहायला जाल त्याच आठवड्यात माणसांची बेरीज करा.

आणि कापलेले पैसे वेळेवर भरा. पी.एफ. आणि ई.एस.आय.ची तारीख पुढच्या महिन्याची १५. पी.एफ.ला उशीर झाला तर वर्षाला १२ टक्के व्याज, वर दंड वेगळा. त्याहून मोठा फटका आयकरात बसत असे. कामगाराच्या पगारातून कापलेली रक्कम त्या कायद्याच्या तारखेनंतर भरली, तर ती खर्च म्हणून धरली जात नसे. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२२ मध्ये हे पक्कं केलं. मालकाची वाटा उशिरा भरली तर रिटर्नच्या तारखेपर्यंत चालत असे, कामगाराची चालत नसे. कारण ती रक्कम मालकाची नाहीच, ती दुसऱ्याची त्याच्याकडे ठेवलेली आहे.

मित्रांनो, इथे बसलेल्यांपैकी काही जण मालक आहेत. पण आपल्या तुकडीतले निम्मे जण दहावी-बारावीनंतर सुरतच्या गाडीत बसले होते, हे विसरून चालणार नाही. त्यांतले दोघं-तिघं आज इथे आहेत, रजा टाकून आलेत.

एक जण नाही. नाव घेत नाही, तुम्हाला कळेल. वर्गात शेवटच्या बाकावर बसायचा, कबड्डीत पुढे असायचा. बावीस वर्षं सुरतला एकाच ठिकाणी कामाला होता. कामावरच छातीत दुखून गेला. वहिनी मुलांना घेऊन गावी परत आल्या आणि माझ्याकडे कागद घेऊन आल्या. पिशवीत काय होतं? एक ओळखपत्र, त्यावर फोटो आणि शिक्का. पगाराची चिठ्ठी एकही नाही. पी.एफ.चा नंबर नाही, विम्याचा नंबर नाही. बावीस वर्षं काम केलं याचा एकही सरकारी कागद नाही. मालकाने दिवसकार्य व्हायच्या आधी काही रोख रक्कम पाठवली होती. माणूस वाईट नव्हता. पण ती रक्कम वर्षभरात संपली. मी त्या पिशवीतले कागद तीनदा पाहिले. अर्ज करायला काही हातात असावं लागतं, ते नव्हतं.

दुसरी गोष्ट. रावेर तालुक्यातला एक मुलगा, बुऱ्हाणपूरला कामाला. नोकरी अवघी दीड वर्षाची. अपघातात गेला, तोही कामाच्या वेळेबाहेर, गावी येताना. पण मालकाने पहिल्या महिन्यापासून नाव घातलं होतं. आता पाहा काय मिळतं. पेन्शनसाठी दहा वर्षं लागतात असं सगळे म्हणतात, ते जिवंत माणसाच्या स्वतःच्या पेन्शनबद्दल. नोकरीत असताना मृत्यू आला तर एका महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी विधवेला पेन्शन सुरू होते. दोन मुलांना वयाच्या २५ वर्षांपर्यंत वेगळी. पी.एफ.शी जोडलेला विमा असतो, त्यासाठी कामगाराला एक पैसा भरावा लागत नाही. सलग बारा महिने नोकरी झालेली असेल तर तो अडीच लाखांच्या खाली येत नाही, आणि सात लाखांपर्यंत जातो. त्या मुलीला हे मिळालं. पेन्शन मोठी नाही, किमान हजार रुपयांपासून सुरू होते. पण दर महिन्याला तिच्या स्वतःच्या खात्यावर येते, आणि सासरी-माहेरी कोणापुढे हात पसरावा लागत नाही.

पहिला बावीस वर्षं राबला, दुसरा दीड वर्ष. दोघांच्या घरच्यांच्या नशिबात जो फरक पडला तो एका नोंदणीचा. मी जे सात कागद आत्ता सांगितले त्यांतल्याच.

ई.एस.आय.बद्दलही सांगतो, कारण आपल्या लोकांचा संसार दोन गावांत असतो. माणूस सुरतला, बायको-पोरं पारोळ्याला किंवा साक्रीला. लोक म्हणतात, विमा सुरतचा, मग घरच्यांना काय उपयोग? असं नाही. कुटुंब दुसरीकडे राहत असेल तर त्यांच्यासाठी वेगळा दवाखाना निवडता येतो. नोंदणी करताना तो रकाना रिकामा सोडतात, म्हणून उपयोग होत नाही. मालकांनो, फॉर्म भरणाऱ्या पोराला एवढा एक प्रश्न विचारायला सांगा, ‘भाऊ, घरचे कुठे राहतात?’

आता काल रात्री गप्पांत जे प्रश्न आले त्यांची उत्तरं देतो आणि थांबतो.

एकाने विचारलं, माझी सुरतला तीनच माणसं आहेत, मला काय? पी.एफ.साठी जळगावची धरून बेरीज कर. व्यवसाय करासाठी तीन काय आणि एक काय, पगार १२,००० च्या वर गेला की कापणं आलं, आणि कापायचं तर नंबर हवा.

दुसऱ्याने विचारलं, कामगारच म्हणतात, भाऊ कापू नका, हातात पूर्ण द्या. खरं आहे, म्हणतात. तरुण पोराला आज १,६८० रुपये मोठे वाटतात. पण हे त्याच्या मर्जीवर सोडलेलं नाही. त्याला समोर बसवून सांगा की तुझे १,६८० कापतो तेव्हा तेवढेच मीही घालतो. मी पाहिलंय, बापाला सांगितलं की बाप लगेच हो म्हणतो.

बाईंनी फार चांगला प्रश्न विचारला. जळगावचा माणूस वर्षाच्या मध्ये सुरतला बदलून गेला तर दोन राज्यांना दोनदा कर द्यावा लागेल का? नाही बाई. ज्या महिन्यात जिथे काम, त्या महिन्याचा कर तिथे. सप्टेंबरपर्यंत महाराष्ट्र, ऑक्टोबरपासून गुजरात. मालकाने बदलीची तारीख लेखी ठेवायची, साधं पत्र पुरतं. पी.एफ.चा यू.ए.एन. नंबर तोच राहतो, विम्याचा नंबर तोच राहतो. दाखला काढून नव्या शाळेत जावं तसं, पण बाकीचं प्रगतिपुस्तक सोबत येतं.

शेवटी दोन कामं सांगतो. मालक असलेल्यांनी सोमवारी दुकान उघडलं की एक कागद घ्यायचा. सगळ्या गावांतली सगळी माणसं, कामाचं ठिकाण, रुजू झाल्याची तारीख आणि पगार, एका यादीत. एवढी यादी झाली की काय राहिलंय ते कोणीही सांगू शकेल, माझ्याकडेच यायला पाहिजे असं नाही. आणि नोकरी करणाऱ्यांनी, किंवा ज्यांची पोरं बाहेर कामाला आहेत त्यांनी, आज रात्री उमंग अ‍ॅपवर यू.ए.एन. टाकून पासबुक उघडायचं. शेवटची रक्कम कोणत्या महिन्याची आहे आणि वारसाचं नाव भरलंय का, दोनच गोष्टी पाहायच्या. वारसाच्या जागी लग्नाआधीची आईच असेल तर बदलून घ्या.

जेवणानंतर मी मागच्या खोलीत, म्हणजे आपल्या जुन्या आठवी ‘ब’ मध्ये, बसलेला आहे. कागद घेऊन या, मोबाइल घेऊन या. वहिनींना, पोरांना फोन लावून विचारायचं असेल तर तेही चालेल. वर्गमित्रांकडून फी घेत नाही, चहा घेतो.